साहित्य संमेलनात लेखकाशी ओळख कशी करावी : विदर्भातल्या गावखेड्यांतल्या वाचकांसाठी

अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन चंद्रपूरला २०१२ मध्ये, यवतमाळला २०१९ मध्ये आणि वर्ध्याला २०२३ मध्ये झालं. आसपासच्या तालुक्यांतून माणसं एसटीनं, ट्रॅक्सनं, मोटारसायकलवर डबलसीट गेली. बहुतेकांचा दिवस एकाच चालीनं गेला. लांबून अध्यक्षांना पाहिलं, ग्रंथप्रदर्शनात एक चक्कर मारली, कुणासोबत तरी सेल्फी काढला आणि शेवटची गाडी चुकू नये म्हणून कविसंमेलन अर्ध्यावर सोडलं. एखाद्या लेखकाशी पाच मिनिटं धड बोलून परत आलेला माणूस शोधावा लागेल.

दोष नुसता लेखकांच्या तोऱ्याचा नाही. तोरेवाले असतात, नाही असं नाही, पण बहुतेक लेखक वाचकाच्या भुकेलेच असतात. दोन हजारांच्या मांडवात आपलं पुस्तक वाचलेली दहा माणसंही भेटत नाहीत, हे त्यांना चांगलं ठाऊक असतं. आपण त्या दहांपैकी एक असलो तर बाकीचं सोपं जातं. म्हणून हे सगळं काम मांडवात पाय ठेवण्याच्या महिनाभर आधी सुरू होतं.

संमेलन कोणतं निवडायचं

माझं मत सरळ आहे. पहिल्यांदा जाणार असाल तर अखिल भारतीयला जाऊ नका, किंवा तिथे ओळखीची अपेक्षा ठेवून जाऊ नका. गर्दी, मंत्री, पोलीस बंदोबस्त, पास आणि दोन-तीन मांडवांत एकाच वेळी चाललेले कार्यक्रम यांत लेखक सापडणंच मुश्कील.

त्यापेक्षा छोटी ठिकाणं बघा. १९२३ साली अमरावतीत स्थापन झालेला आणि आता नागपुरातून चालणारा विदर्भ साहित्य संघ विदर्भ साहित्य संमेलन भरवतो, आणि त्याच्या शाखांचे कार्यक्रम जिल्ह्या-तालुक्याच्या गावी होत असतात. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूरकडचे असाल तर झाडीबोलीचं संमेलन आहे. तिथे झाडीपट्टीतल्या नाटकांचे लेखकही भेटतात, पण दिवाळीनंतर त्यांचा हंगाम ऐन भरात असतो आणि रात्र रंगमंचावर जाते, म्हणून त्यांना सकाळी लवकर गाठायला जाऊ नका. राज्याचं ग्रंथालय संचालनालय जिल्ह्याच्या ठिकाणी ग्रंथोत्सव घेतं. त्याला गर्दी कमी असते आणि व्याख्यान संपल्यावर वक्ता निवांत उभा असतो. लेखक गाठायला याच्याइतकी चांगली जागा नाही. तारीख जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयात किंवा तुमच्या वाचनालयाच्या ग्रंथपालाकडे कळते.

संमेलनं बहुधा हिवाळ्यात होतात. तेव्हा कापसाची वेचणी आणि तुरीची काढणी चालू असते. तीन दिवस घर सोडणं जमणार नसेल तर कार्यक्रमपत्रिका पाहून एकच दिवस निवडा, आणि तो उद्घाटनाचा नको. उद्घाटनाचा दिवस पुढाऱ्यांचा असतो. मधला दिवस परिसंवादांचा, मुलाखतींचा, म्हणजे लेखकांचा.

एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, ७५ वर्षांवरच्यांना प्रवास मोफत आहे. वाचनालयाच्या महिला मंडळानं ठरवलं तर जाणं-येणं फार महाग पडत नाही. अखिल भारतीयला श्रोता म्हणून मांडवात बसायला साधारणतः पैसे लागत नाहीत. मुक्काम आणि जेवणाची सोय हवी असेल तर प्रतिनिधी शुल्क भरून आधी नाव नोंदवावं लागतं, आणि त्याची मुदत संमेलनाच्या बरीच आधी संपते.

तीनच लेखक, आणि प्रत्येकाचं एक पुस्तक

पत्रिका हाती आली की त्यातली तीन नावं निवडा, त्याहून जास्त नकोत. एक असा, ज्याचं पुस्तक तुम्ही आधीच वाचलंय. दुसरा तुमच्या विषयाचा : शेती, शाळा, जंगल, नाटक, काहीही. तिसरा नवा, एक-दोन पुस्तकं आलेला. या तिसऱ्याकडे दुर्लक्ष करू नका. नामवंताभोवती घोळका असतो, नवा लेखक चहाचा कप घेऊन एकटा उभा असतो. दहा वर्षांनी तोच नामवंत झालेला असेल आणि तुमची ओळख जुनी असेल.

पुस्तकं कुठून आणायची, हा गावातला खरा प्रश्न. आपल्याकडच्या सार्वजनिक ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग आहेत. गावातलं ‘ड’ वर्गाचं वाचनालय म्हणजे बरेचदा दोन कपाटं. तिथे नवं पुस्तक नसतंच असं धरून तालुक्याच्या मोठ्या ग्रंथालयाचं सभासद व्हा, किंवा चार जण मिळून एक प्रत विकत घ्या आणि फिरवा. दिवाळी अंकही चाळा. बऱ्याच लेखकांचं ताजं लेखन पुस्तकाआधी तिथे येतं. ‘तुमचा यंदाचा दिवाळी अंकातला लेख वाचला’ हे वाक्य ऐकून लेखक मान वर करतोच.

वाचताना एक छोटी वही जवळ ठेवा. त्यात दोनच गोष्टी लिहायच्या, पान क्रमांकासह. एक म्हणजे जिथे तुम्ही थांबलात, पुन्हा वाचलंत. दुसरी म्हणजे जिथे तुम्हाला पटलं नाही. ही दुसरी जास्त महत्त्वाची, आणि इथे गावातल्या वाचकाचं पारडं जड आहे. शहरात बसून लिहिलेल्या कादंबरीत कापूस भर पावसाळ्यात वेचला जातो, सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला शेतगडी, महिन्याच्या महिन्याला पगार उचलतो, हे तुमच्या चटकन ध्यानात येईल. ते नीट शब्दांत विचारलं तर लेखक तुम्हाला विसरत नाही.

स्वयंसेवक होता आलं तर आधी तेच करा

संमेलन आपल्या जिल्ह्यात असेल तर आयोजक संस्थेला महिनाभर आधी भेटा आणि सांगा, पाहुण्यांच्या ने-आणीचं काम द्या. मंचाची सजावट, भोजनाचे पास, वाहनतळ ही कामं इतरांना घेऊ द्या.

कारण असं. पुण्या-मुंबईहून येणारा लेखक रात्रभर गाडीत बसून बडनेऱ्याला, धामणगावला किंवा वर्ध्याला उतरतो. पुढे यवतमाळसारख्या गावी जायचं तर रस्त्यानं तास-दीड तास लागतो. तेवढा वेळ तो आणि तुम्ही एका गाडीत. तीन दिवसांच्या संमेलनात अध्यक्षांच्या शेजारी बसणाऱ्यालाही एवढा सलग वेळ मिळत नाही. मात्र तो दमलेला असतो. पहिली वीस मिनिटं त्याला पाणी द्या, कुठे थांबून चहा-पोहे हवेत का विचारा, आणि गप्प बसा. बोलायचं असेल तर तोच सुरू करतो. रस्त्याकडेची पिकं, गावांची नावं, नदी यांबद्दल विचारतो. इथे तुमच्याकडे सांगण्यासारखं भरपूर असतं. गाडीत मोठ्यानं गाणी लावू नका. आणि एक, तोंडात खर्रा ठेवून लेखकाशी बोलायला जाऊ नका. हसू येईल, पण हे सांगावं लागतं.

मांडवात कधी, कुठे गाठायचं

ग्रंथदिंडी बहुतेक लोक फोटोपुरती धरतात. खरं तर ओळखीला तिच्याइतकी सोयीची वेळ नाही. लेझीम, शाळेची पोरं, पालखी यांच्यामागे लेखकमंडळी पायी चालत असतात. मंच नसतो, खुर्ची नसते, घाईही नसते. शेजारून चालत नमस्कार करायचा, गावाचं नाव सांगायचं आणि दोन वाक्यं बोलायची. दुपारी पुन्हा भेटलात की ‘सकाळी दिंडीत आपण बोललो’ असं म्हणता येतं.

ग्रंथप्रदर्शनात प्रकाशकांचे गाळे असतात. लेखक आपल्या प्रकाशकाच्या गाळ्यावर दिवसातून एकदा तरी येतोच. गाळ्यावरच्या माणसाला विचारा, ‘सर केव्हा येणार आहेत?’ तो खरं सांगतो, कारण त्याला पुस्तक विकायचं असतं. जेवणाच्या वेळेनंतरचा, दुपारी अडीच-तीनचा सुमार बरा.

परिसंवाद संपल्यावर वक्ते मंचावरून उतरतात तेव्हा घोळका होतो. त्यात घुसू नका. मांडवाच्या मागच्या बाजूला चहाची टपरी असते, घोळका फुटला की वक्ते तिकडेच जातात.

कधी गाठू नये, तेही ध्यानात असू द्या. मंचावर जाण्याच्या अर्धा तास आधी, ताटात वाढून घेतल्यावर, आणि स्वच्छतागृहाच्या वाटेवर. शेवटचं लिहावं लागतंय, यातच काय ते आलं.

पहिलं वाक्य

बरेच जण इथेच घसरतात. सगळ्यात वाईट सुरुवात म्हणजे ‘सर, ओळखलं का?’ समोरचा ओळखत नसतो, बिचाऱ्याला ओशाळं हसावं लागतं, आणि पुढचं सगळं बोलणं त्या ओशाळेपणात जातं. दुसरी वाईट सुरुवात, ‘मी पण कविता करतो.’ तिसरी, ‘तुमची सगळी पुस्तकं वाचली आहेत.’ तो विचारेल, कोणतं आवडलं? मग पंचाईत.

चांगल्या पहिल्या वाक्यात तीन गोष्टी असतात : नाव, गाव आणि पुस्तकातली एक नेमकी जागा. असं काहीसं :

‘नमस्कार सर. मी घाटंजीकडून आलो, शेती करतो. तुमच्या कादंबरीतला तो बाप हाये ना, जो कापूस इकाले नेते न् रिकाम्या हातानं घरी येते, तो मले आमच्याच गल्लीतला वाटला. पण एक इचाराचं होतं. तो बायकोले खरं काहून नाही सांगत?’

यात वऱ्हाडी आली म्हणून काही बिघडत नाही. उलट अस्सल बोली कानावर पडली की लिहिणारा माणूस सावध होऊन ऐकतो. प्रमाण मराठी ओढून-ताणून बोलण्यापेक्षा, मधूनमधून ‘मी आपणांस’ वगैरे पेरण्यापेक्षा हे कितीतरी बरं. झाडीकडचे असाल तर वाक्याच्या शेवटी ‘जी’ लावून बोला, त्यात आदर आपोआप येतो.

हाक मारताना प्राध्यापक नसले तरी ‘सर’, ‘मॅडम’ चालतं, आपल्याकडे तो रिवाजच आहे. ज्येष्ठ लेखिकेला ‘ताई’ म्हटलं तर बहुधा आवडतं. पुरुष लेखकाला एकदम ‘भाऊ’, ‘दादा’ म्हणायला ओळख थोडी मुरावी लागते. पाया पडायची घाई करू नका. काहींना ते मनापासून नको असतं, आणि वाकलेल्या माणसाशी पुस्तकावर बोलणं जमत नाही.

प्रश्न विचारलात की उत्तर पूर्ण ऐका. हे लिहायला सोपं आहे. लेखक बोलत असताना मनात पुढचा प्रश्न जुळवत बसलं की त्याला ते लगेच दिसतं. पाच मिनिटं झाली की तुम्हीच निरोप घ्या : ‘तुमची वाट पाहणारे आहेत, मी येतो.’ आपणहून निघणारा वाचक इतका दुर्मीळ असतो की काही वेळा लेखकच म्हणतो, ‘अहो, चहा तरी घ्या.’

स्वाक्षरी, फोटो

पुस्तक त्याच प्रदर्शनातून विकत घेतलेलं असावं, किंवा घरचं वाचून झिजलेलं. झिजलेलं, समासात पेन्सिलीच्या खुणा असलेलं पुस्तक पाहून लेखकाला जास्त आनंद होतो, लाजू नका. ग्रंथालयाच्या प्रतीवर मात्र सही मागू नका. पेन आपलं द्या. स्वतःचं नाव चिठ्ठीवर लिहून पुढे धरा, म्हणजे ‘ऱ्हस्व की दीर्घ’ विचारण्यात वेळ जात नाही. एका वेळी एकच पुस्तक. पूर्ण गावाच्या प्रती पिशवीतून काढू नयेत.

फोटो शेवटी, विचारून.

परिसंवादात प्रश्न

आपल्याकडचे परिसंवाद वेळेत सुरू होत नाहीत. पहिला वक्ता दुसऱ्याचा वेळ खातो आणि कात्री लागते ती श्रोत्यांच्या प्रश्नांना. तरी संधी मिळालीच तर दोन वाक्यांत विचारा. आधी गावाचं नाव, मग प्रश्न, आणि बसा. भाषण करणाऱ्या श्रोत्याला अख्खा मांडव ओळखतो, पण ती ओळख आपल्याला नको आहे. नेमका प्रश्न विचारला असेल तर वक्ता खाली उतरल्यावर तुम्हालाच शोधतो.

कवितेची वही घरीच ठेवा

लिहिणाऱ्या प्रत्येकाला वाटतं, एकदा मोठ्या लेखकानं वाचलं की काम झालं. संमेलनातून परतताना लेखकाच्या पिशवीत अशा पंधरा-वीस वह्या, झेरॉक्सचे गठ्ठे, स्वखर्चानं छापलेले कवितासंग्रह असतात. तो ते वाचत नाही. वाचू शकत नाही. पहिल्याच भेटीत प्रस्तावना मागणं तर हातची ओळख घालवणं आहे.

वाचून दाखवायची हौस असेल तर त्यासाठी कविकट्टा आहे. नाव आणि कविता आधी पाठवाव्या लागतात, ठरलेल्या मिनिटांत एक कविता वाचायला मिळते. तिथे बसून इतरांच्याही ऐका. आपली वाचून उठून जाणारे कवी सगळ्यांच्या लक्षात राहतात, वाईट अर्थानं. लेखकाला विचारायचंच असेल तर हे विचारा : ‘अशा प्रकारचं लिहिणाऱ्यानं कोणत्या नियतकालिकाकडे पाठवावं?’ या प्रश्नाला तो मनापासून उत्तर देतो, कारण त्याला काही वाचायचं नसतं. विदर्भात विदर्भ साहित्य संघाचं ‘युगवाणी’ आहे. आधी त्याचे दोन-चार अंक वाचा, मग पाठवा.

मुलींसाठी, बायकांसाठी

हा भाग सहसा कुणी लिहीत नाही. एकटं जाण्यापेक्षा दोघी-तिघींनी जावं, निदान परतीची गाडी तरी सोबत असावी. बोलणं चारचौघांत, चहाच्या टपरीवर किंवा गाळ्यावर करावं. ‘खोलीवर या, निवांत बोलू’ असं कितीही मोठ्या माणसानं म्हटलं तरी ‘इथंच बरं आहे’ म्हणावं. फोन नंबर द्यायलाच हवा असं नाही, वाचनालयाचा पत्ता दिला तरी पत्रव्यवहार होतो. रात्री अकरानंतर ‘तुमची कविता फार आवडली’ असे संदेश येऊ लागले तर उत्तर देण्याची गरज नाही, आणि ते कुणाला तरी सांगावं. लेखिकांशी ओळख करणं पुष्कळदा सोपं जातं. बहुतेकींनी घर-शेत-नोकरी सांभाळून लिहिलेलं असतं, ‘तुम्ही केव्हा लिहिता?’ या एका प्रश्नावर तासभर बोलणं होतं.

परतल्यावर आठ दिवसांच्या आत

मांडवातली भेट ही अर्धीच ओळख. उरलेली अर्धी पत्रानं होते, आणि हे काम शंभरातला एकही करत नाही. पत्ता पुस्तकाच्या आतल्या पानावर असतो, नसेल तर प्रकाशकाच्या पत्त्यावर पाठवा, ते पुढे देतात. पोस्टकार्ड पुरतं.

असं लिहा :

‘सप्रेम नमस्कार. रविवारी ग्रंथदालनात भेटलो होतो, सालदाराच्या पगाराबद्दल विचारलं होतं. घरी येऊन वडिलांना विचारलं. ते म्हणाले, आमच्याकडे सालाचा सौदा गुढीपाडव्याला व्हायचा आणि धान्य वेगळं ठरायचं. तुमच्या उपयोगाचं असेल म्हणून कळवतो. पुस्तक आता माझी बहीण वाचते आहे.’

यात काही मागितलेलं नाही, उलट दिलंय. लेखकाला हवी असते ती माहिती, शब्द, रिवाज, पिकाचं वेळापत्रक. ती आपल्या घरात पडून आहे.

मोबाइल नंबर मिळाला असेल तर सांभाळून वापरा. रोज सकाळी फुलांचं चित्र, सुविचार, पुढे ढकललेले व्हिडिओ यांनी आठवड्यात नंबर म्यूट होतो. नवं पुस्तक आलं, त्यांचा लेख वाचला, त्यांना हवी असलेली एखादी माहिती सापडली, तेव्हाच लिहा. वर्षातून तीन-चारदा पुष्कळ झालं. फोन करायचा तर आधी संदेश टाकून वेळ विचारा.

गावात बोलवायचं असेल तर

दोन-तीन पत्रं झाली, उत्तरं आली की हे सुचतंच. गावच्या वाचनालयाचा वर्धापनदिन, शाळेचं स्नेहसंमेलन, सप्ताह. बोलवा, लेखक येतात. फक्त पहिल्याच पत्रात सगळं स्पष्ट लिहा : तारीख, विषय, किती वेळ बोलायचं, अंदाजे किती लोक, कोणत्या स्टेशनवर किंवा बसस्थानकावर कोण घ्यायला येईल, मुक्काम कुणाच्या घरी, प्रवासखर्च आणि मानधन किती. मानधनाची रक्कम लिहायला आपण संकोचतो. ती कमी असली तरी चालते, न लिहिलेली चालत नाही. ‘यथाशक्ती’ या शब्दानं पाहुणा घाबरतो.

कार्यक्रमाच्या महिनाभर आधी पाहुण्याच्या पुस्तकाच्या पाच-सहा प्रती आणून गावात फिरवा. शाळेतल्या शिक्षकांना, बचत गटातल्या बायांना, कॉलेजच्या पोरांना द्या. वाचलेली दहा माणसं पुढच्या रांगेत बसली की कार्यक्रम जमतो.

आणि सत्कार आवरा. सरपंच, उपसरपंच, पोलीस पाटील, देणगीदार, दहावीतले गुणवंत, सगळ्यांना शाल-श्रीफळ देता देता रात्रीचे साडेनऊ वाजतात आणि मग लेखकाला म्हणतात, थोडक्यात बोला. सत्कार वक्त्यानंतर ठेवा, किंवा दुसऱ्या दिवशी. उन्हाळ्यात भारनियमनाची वेळ आधी पाहून घ्या, ध्वनिक्षेपकाला इन्व्हर्टर जोडा. जेवणात साधी भाकर, वांग्याची भाजी, रोडगे ठेवा. पाहुणा पनीर घरीही खातो. झणझणीत तर्री मात्र वेगळ्या वाटीत द्या.

मानधनाचं पाकीट कार्यक्रम संपताच, मंचावर नव्हे तर बाजूला, मोजून हातात द्यावं. परतीचं तिकीट आधीच काढलेलं असावं, आणि स्टेशनवर सोडायला त्यांचं पुस्तक वाचलेला माणूस जावा. सरपंचांच्या गाडीत जागा नसेल तर सरपंचांनी दुसऱ्या गाडीनं जावं.